आवाज फाटला असता करावयाचे विधी

सदर मार्गदर्शिका होतकरू हॅमसाठी आहे. होतकरू म्हणजे ज्याने परीक्षा दिली आहे, ज्याला व्हीयू ३ ने सुरू होणारे कॉलसाइन मिळाले आहे किंवा मिळण्याच्या मार्गावर आहे (हा मार्ग दिल्लीहून जातो, घाई करू नये), आणि ज्याने ४० मीटर बँडचा एक सेट स्वतःच्या हाताने पत्र्याच्या डब्यात बसवला आहे. ज्यांचे कॉलसाइन व्हीयू २ ने सुरू होते त्या ज्येष्ठांनी पुढे वाचण्याचे कारण नाही. त्यांना हे सगळे ठाऊक असते आणि ते रोज सकाळी बँडवर सांगतही असतात. आपल्या सेटमधून ते फाटलेले ऐकू येते, एवढाच प्रश्न आहे.

आवाज फाटला की काय करू नये ते आधी. सेट उघडू नये. उघडला की नजर प्रथम ट्रिमरवर आणि कॉइलच्या स्लगवर जाते. त्यांच्या डोक्यावर खाच असते, आपल्या हातात स्क्रू ड्रायव्हर असतो, आणि पुढचे सगळे विधिलिखित असते. अर्धा वेढा इकडे, पाऊण वेढा तिकडे, मग मूळ जागा कोणती होती ते आठवेना. काल चांगला चालणारा सेट आज फाटका बोलत असेल तर रात्रीतून ट्रिमर आपण होऊन फिरलेला नाही, हे मनाशी घोकावे आणि स्क्रू ड्रायव्हर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्यावा.

दुसरे, सगळे कंडेन्सर बदलायला धावू नये. हा सल्ला बँडवर फार लवकर मिळतो, कारण तो देणाऱ्याला काही खर्च येत नाही.

फाटणे कशास म्हणावे

खरखर म्हणजे फाटणे नव्हे. समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला की कान द्यावा. त्या मोकळ्या जागेतही खर्रर्र चालूच असेल तर तो बाहेरून आलेला उपद्रव आहे, रिसीव्हरचा त्यात दोष नाही. फाटणारा आवाज मात्र माणूस गप्प बसला की गप्प बसतो. निम्मे पेशंट या एका कसोटीवरच घरी पाठवता येतात.

खरखरीचा उगम शोधण्याचा विधी सोपा आहे, घरात तो अप्रिय असला तरी. सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावावा (यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची पुरते) आणि घराचा मेन स्विच बंद करावा. खरखर गेली तर एकेक एमसीबी चढवत जावे. गुन्हेगार बहुधा मोबाइलचा स्वस्त चार्जर किंवा एलईडी दिवा निघतो. मेन बंद करूनही खरखर राहिली तर जिन्यातला दिवा, आणि तोही नसेल तर शेजारी. शेजाऱ्याचा मेन स्विच बंद करू नये. संध्याकाळी मालिकांच्या वेळेत आपलाही करू नये.

आणखी एक प्रकार फाटण्यातून वगळावा, तो म्हणजे ट्यूनिंगची चूक. एसएसबीवर बोलणारे स्टेशन आपली वाहक लहर पाठवतच नाही. ती आपल्या सेटमधला बीएफओ घरच्या घरी तयार करून घालतो. डायल ५० हर्ट्‌झने चुकली तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण दोन-तीनशे हर्ट्‌झने चुकली की तोंडात पानाचा तोबरा धरून बोलल्यासारखे ऐकू येते. ४० मीटरवर एलएसबी चालते, तिथे नियम असा: आवाज बारीक, चिरका वाटला तर डायल किंचित खाली आणावी, घोगरा, खोल गेलेला वाटला तर किंचित वर न्यावी. यूएसबीत हेच उलटे. माणसाचा आवाज माणसासारखा झाला की थांबावे. त्यानंतरही बोट वळवळते, त्याला आवर घालावा.

ज्याच्या सेटवर साइडबँड बदलायचे बटन आहे त्याने ते नक्की कुठे आहे हे पाहावे. १० मेगाहर्ट्‌झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी असा हॅम लोकांचा जगभरचा रिवाज आहे. उलट बाजूला ठेवून ऐकले तर जाड सूर बारीक होतात, बारीक सूर जाड होतात. बोलण्याची लय कळते, शब्द एकही कळत नाही. नवशिक्या हे तासभर परकी भाषा समजून तल्लीनतेने ऐकतो आणि लॉगबुकात ‘बहुधा इंडोनेशिया’ अशी नोंद करतो. स्टेशन असते साताऱ्याचे.

दोन हातांची परीक्षा

एवढे करूनही आवाज फाटत असेल तर तो खरा फाटला आहे. आता दोन्ही हात मोकळे करून सेटसमोर ताठ बसावे. डावा हात व्हॉल्यूमवर, उजवा अँटेनाच्या पिनवर.

प्रथम व्हॉल्यूम निम्म्यावर आणावा. फाटणे थांबले, तर दोष व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढे आहे, म्हणजे शेवटच्या अँप्लिफायरमध्ये, सप्लायमध्ये किंवा स्पीकरमध्ये. थांबले नाही, नुसता फाटलेला आवाज लहान झाला, तर व्हॉल्यूम तसाच ठेवून अँटेनाची पिन अर्धवट बाहेर ओढावी. सेटला अ‍ॅटेन्युएटर असेल तर तो दाबावा, तेवढीच प्रतिष्ठा. आता आवाज लहान पण स्वच्छ झाला, तर दोष व्हॉल्यूमच्या मागे आहे: मिक्सर, आयएफ किंवा डिटेक्टर यांच्यापैकी कुणाला तरी पेलवेल त्यापेक्षा जास्त सिग्नल पोहोचतो आहे. दोन्ही करून काहीच बदलले नाही तर स्पीकरकडे वळावे.

या परीक्षेला मीटर लागत नाही, सोल्डर लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर तर नाहीच. म्हणूनच ती कुणी करत नाही.

घरी जोडलेल्या सेटमध्ये या परीक्षेचा निकाल पुष्कळदा पहिल्याच फेरीत लागतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे स्वतः सेट जोडणाऱ्या पिढीला हैदराबादच्या अश्हर फरहान (व्हीयू २ ईएसई) यांच्या बिटएक्सने वळण लावले. बाजारात सहज मिळणारे भाग, साधी मांडणी, दोन्ही दिशांनी चालणारे तेच ते अँप्लिफायर. त्या साधेपणात एजीसी बसवलेली नाही. एजीसी म्हणजे जोरकस सिग्नल आला की सेटने आपण होऊन गेन कमी करायचा. ती नसेल तर केरळच्या स्टेशनसाठी चढवलेला व्हॉल्यूम तसाच राहतो आणि तेवढ्यात आपल्याच पेठेतले कुणीतरी ‘गुड मॉर्निंग’ म्हणते. त्या गुड मॉर्निंगने आयसी कळवळतो, खिडकीतले कबूतर उडते. हा दोष नाही. अशा सेटची एजीसी मालकाच्या मनगटात असते, आणि ती वापरायची सवय आठवड्याभरात लागते.

स्पीकर

स्पीकर हा होमब्रू सेटमधला अनाथ घटक आहे. क्रिस्टल फिल्टरसाठी मनुष्य ढीगभर क्रिस्टल आणून एकेकाची फ्रिक्वेन्सी मोजून जोड्या लावतो, टोरॉइडवर वेढे मोजताना घरात कुणाला बोलू देत नाही, आणि स्पीकर मात्र मोडक्या टू-इन-वनमधून काढून लावतो.

आधी हेडफोन लावून ऐकावे. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ असेल तर निकाल लागला. मग स्पीकर डब्यातून काढून हातात घ्यावा, दोन्ही हातांची बोटे कागदी कोनवर समोरासमोर ठेवावीत आणि अगदी हलके, सगळीकडून सारखे, आत दाबून सोडावे. कान जवळ न्यावा. कोन निःशब्द गेला-आला पाहिजे. बारीकसे ‘खस्स’ ऐकू आले तर व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. फटीत काय गेले असेल? डब्याला भोके पाडताना उडालेला लोखंडाचा कीस. चुंबकाने तो प्रेमाने ओढून घेतलेला असतो. स्पीकर आधी बसवायचा आणि ‘हेडफोनच्या सॉकेटचे भोक तेवढे राहिले’ म्हणून मग ड्रिल काढायचे, या क्रमाचे हे फळ. फटीतला कीस काढण्याचे उपाय आहेत, पण नवा स्पीकर आणणे सोपे.

पावसाळ्यात कोनचा कागद दमट होऊन मऊ पडतो, कडेला बुरशी धरते. माळ्यावर ठेवलेल्या सेटच्या जाळीमागे कुंभारमाशीने मातीचे घर केलेलेही आढळते. तिला स्पीकरमागची अंधारी जागा फार पसंत. आवाज एखाद्याच सुरावर करकरत असेल, बाकी ठीक, तर स्पीकर निर्दोष समजून डब्याला बोटांनी ठिकठिकाणी दाबत जावे. ज्या जागी दाबल्यावर करकर थांबते तिथला स्क्रू ढिला आहे. इथे स्क्रू ड्रायव्हर परत मागून घेण्यास हरकत नाही. काम झाले की परत द्यावा.

एलएम ३८६ चे दर्शन

हेडफोनमध्येही आवाज फाटतो, व्हॉल्यूम कमी केला की सुधारतो, तेव्हा डबा उघडावाच लागतो. आत शेवटच्या टोकाला बहुधा आठ पायांचा एलएम ३८६ बसलेला असतो. हा अर्ध्या-पाऊण वॉटचा, गरीब स्वभावाचा आयसी लॅमिंग्टन रोडवर मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, आणि त्याच्याकडून खोली दणाणून सोडण्याची अपेक्षा त्याच्या जन्मापासून केली जात आहे.

खाच वर करून पाहावे. डावीकडे वरचा पाय १ नंबरचा, खाली येत ४, मग उजवीकडे खालून वर ५ ते ८. मीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर ४ नंबरला. लाल टोक ६ नंबरला लावले की सप्लाय दिसेल, समजा १२ व्होल्ट. आता ५ नंबर, म्हणजे आउटपुट. तिथे सप्लायच्या निम्मे, सहाच्या आसपास दिसले पाहिजे. आवाजाची लहर या मध्यावरून वर-खाली झोके घेते. मध्यच दोनवर किंवा दहावर सरकला असेल तर एका बाजूला झोक्याला जागा उरत नाही आणि लहरीचा माथा कापला जातो. कापलेला माथा म्हणजेच फाटलेला आवाज. असा आयसी बदलावा. ५ आणि ६ हे पाय शेजारी आहेत. मीटरचे टोक घसरून दोन्ही एकदम जोडले गेले तर आयसी बदलण्याचा प्रश्न लगेच निकालात निघतो.

पाच नंबरला सहा व्होल्ट ठीक आहेत, तरी फाटते? तर लाल टोक पुन्हा सहावर ठेवून, व्हॉल्यूम चढवून, कुणाचे तरी बोलणे चालू असताना काटा पाहावा. (डिजिटल मीटर असेल तर आकडे. काटा जास्त बरा, त्याला डोलता येते.) माणूस जोरात बोलला की १२ चे ९ होत असतील तर सप्लाय धापा टाकतो आहे. हा सप्लाय बहुधा जुना एलिमिनेटर असतो. त्याच्या अंगावर १२ व्होल्ट छापलेले असते, पण रेग्युलेटर नसलेला एलिमिनेटर रिकामा असताना सोळा-सतरा व्होल्ट देतो आणि ओझे पडले की खाली बसतो. एलएम ३८६ चा सर्वसाधारण मिळणारा प्रकार १२ व्होल्टपर्यंतच चालवायचा असतो, त्यामुळे रिकामपणी आयसी मरतो आणि कामाच्या वेळी आवाज फाटतो. वर आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरची १०० हर्ट्‌झची हम बोलण्याखाली तानपुऱ्यासारखी लागून राहते ती वेगळीच. त्यावर गाता येत नाही.

व्हॉल्यूम पाऊणच्या पुढे नेला की फट-फट-फट असे सुरू होत असेल तर त्याला या धंद्यात मोटरबोटिंग म्हणतात. सहा नंबरच्या जवळचा सप्लायचा कंडेन्सर सुकला आहे किंवा मुळात बसवलाच नाही. बदलण्यालायक कंडेन्सर असतो तो हा. बाकीच्यांना राहू द्यावे. तसेच १ आणि ८ यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असला की या आयसीचा गेन २० वरून २०० होतो. नवशिक्याला २०० आवडतात. तो कंडेन्सर एक दिवस काढून ऐकावे. फाटणे, हम आणि हिस्स तिन्ही एकदम उतरले तर परत लावू नये.

अँप्लिफायर निर्दोष आहे की नाही याची अखेरची साक्ष मोबाइलकडून घ्यावी. ज्याला अजून हेडफोनचे भोक आहे असा जुना फोन शोधावा, ०.१ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून आणि १० किलोओहमच्या रेझिस्टन्समधून त्याचा आवाज व्हॉल्यूम कंट्रोलवर सोडावा, अँटेना काढून ठेवावी. किशोरी आमोणकरांचा संथ आलाप लावावा. लांब, स्थिर स्वरात जरासा चरा पडला तरी लगेच कळतो. मिरवणुकीतले डीजेचे गाणे लावू नये. ते मुळातच फाटलेले असते आणि निदान चुकते. आलाप स्वच्छ आला की स्पीकर, सप्लाय, आयसी या सर्वांना निर्दोष सोडावे आणि व्हॉल्यूमच्या मागे तपास न्यावा.

तो नेताना उदबत्तीची जळून उरलेली काडी घ्यावी आणि सेट चालू ठेवून बोर्डावर एकेका भागाला हलकेच टोचत जावे. ज्या जागी टोचल्यावर आवाज फाटतो किंवा सुधारतो तिथला डाग कच्चा आहे. सोल्डर राखाडी, दाणेदार दिसेल. पुन्हा डाग द्यावा. घरी जोडलेल्या सेटमधली गूढ म्हणून गाजलेली किती तरी दुखणी या काडीने बरी होतात.

रात्रीचे फाटणे

दिवसा निरोगी असलेला सेट सूर्यास्तानंतर फाटू लागला तर बाहेरची बाधा समजावी, आणि ती खरोखरच बाहेरची असते. हॅम लोकांची हद्द संपते तिथे, म्हणजे ७.२ मेगाहर्ट्‌झपासून वर, आपल्या भागात प्रक्षेपण केंद्रांची वस्ती सुरू होते. शेकडो किलोवॉटचे ते ट्रान्समीटर रात्री आयनोस्फिअरवरून उसळी घेऊन आपल्या वायरवर उतरतात. साध्या रिसीव्हरचा मिक्सर त्यांच्या एकत्रित माऱ्याने भांबावतो आणि त्यांची आपसात बेरीज-वजाबाकी करून नसलेली स्टेशने निर्माण करतो. साताऱ्याच्या बोलण्याला मागून चिनी संगीत लागते.

इथे अ‍ॅटेन्युएटरचा महिमा कळतो. १० डेसिबल कमी केले की हवे ते स्टेशन दहाने उतरते, पण या भेसळीतला त्रासदायक प्रकार तीसने उतरतो. म्हणजे सिग्नल कमी करून ऐकू जास्त येते. हे घरच्यांना समजावण्याचा प्रयत्न करू नये. यूएसबी डोंगल लावून संगणकावर ऐकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आठ बिटांच्या डोंगलचा गेन शेवटपर्यंत चढवून वर ‘एसडीआरमध्ये दम नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

शॉर्टवेव्हवरचे एएम स्टेशन मधूनच पोकळ होऊन, फाटून, परत सावरत असेल तर सेटला हात लावू नये. वाहक लहर आणि तिच्या दोन बाजू वाटेत वेगवेगळ्या विरतात. वाहक जास्त विरली की साध्या डिटेक्टरचा आधार जातो. मिनिटभर थांबले की ठीक होते.

जुन्या ट्रान्झिस्टर सेटवर ऐकणाऱ्यांसाठी एक उलटी खूण: आवाज लहान ठेवला तर फाटतो, मोठा केला तर सुधारतो. आउटपुटच्या दोन एसी १२८ ट्रान्झिस्टरांचे बायस गेले आहे. एकाने सोडायचे आणि दुसऱ्याने धरायचे त्या सांध्यात फट पडली आहे.

आणि ज्याच्याकडे आजोबांच्या वेळचा व्हॉल्व्हचा सेट आहे त्याने इथे विनोद बाजूला ठेवावा. आत अडीचशे व्होल्ट असतात, आणि एसी-डीसी प्रकारच्या सेटात लोखंडी चेसिसच थेट मेन्सला जोडलेली असते. त्याच्या फाटण्याचे नेहमीचे कारण आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा गळका कपलिंग कंडेन्सर. ग्रिडवर शून्याऐवजी काही व्होल्ट पॉझिटिव्ह दिसतात आणि व्हॉल्व्ह तापून लाल होतो. पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी बसवावा.

दुसऱ्याचा आवाज

एक कसोटी राहिली. बँडवर चार जण बोलत आहेत, तिघे स्वच्छ ऐकू येतात आणि एकच फाटतो. मग दोष आपल्या सेटचा नाही, त्या चौथ्याचा आहे. ही कसोटी खरे तर सगळ्यात आधी घ्यायची असते, पण मग वरचे काही वाचायची गरज उरली नसती.

या चौथ्याने मायक्रोफोनचा गेन पूर्ण चढवलेला असतो, स्पीच प्रोसेसर चालू केलेला असतो आणि ओठ माइकला टेकवलेले असतात. त्याचे शब्द तीन किलोहर्ट्‌झच्या आपल्या घरात न मावता शेजारच्या दोन्ही फ्रिक्वेन्सींवर सांडतात. हा चौथा नेहमी ज्येष्ठ असतो. त्याला हे सांगण्याचा विधी असा: प्रथम फाइव्ह नाइन रिपोर्ट द्यावा. मग हवामान सांगावे. मग त्यांच्या अँटेनाची उंची विचारावी आणि ती ऐकून थक्क व्हावे. त्यानंतर, जाता जाता, ‘काका, माइक गेन जरासा कमी करून बघता का, माझ्याकडे थोडं फाटल्यासारखं येतंय’ असे म्हणावे. ‘माझ्याकडे’ हा शब्द गाळू नये.

काका म्हणतील, थांब, बाकीच्यांना विचारतो. मग कोल्हापूर फाइव्ह नाइन देईल, नाशिक फाइव्ह नाइन प्लस देईल, आणि बेळगाव म्हणेल, साहेब, आवाज एकदम रेडिओ स्टेशनसारखा, फक्त आपलं नाव तेवढं परत एकदा सांगा.